सत्तासंतुलन

सत्तासंतुलन : एखादे राज्य इतके प्रबळ होऊ नये की बाकीच्यांना त्याच्या मर्जीने चालावे लागेल, यासाठी राज्ये आपले बळ आणि मैत्री ज्या रीतीने मांडतात ती रीत. युरोपात १७१३ मध्ये उत्रेख्तच्या तहाने फ्रान्स व स्पेनची राजपदे एका हाती जाऊ न देण्याची तजवीज झाली, ती याच हिशेबाने. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांची मांडणी (१९७९) अशी की राज्यांच्या वर निवाडा करणारे कोणी नसल्याने प्रत्येकाला स्वतःच्या बचावाची सोय पाहावी लागते आणि त्यातून समतोल पुनःपुन्हा घडतो, कोणाच्या मनात तो असो वा नसो. त्याच क्षेत्रातील स्टीफन वॉल्ट यांनी पुढे दुरुस्ती सुचवली : राज्ये नुसत्या बळाविरुद्ध नव्हे, तर धोक्याविरुद्ध एकवटतात. हा धोका मोजताना अंतर, चढाईची ताकद आणि हेतू हेही पाहिले जाते. दख्खनचा अठराव्या शतकातील अनुभव पाहता वॉल्ट यांची दुरुस्ती अधिक पटते, आणि समतोल कुठे ढासळतो तेही तिथे स्पष्ट दिसते.

समतोल साधण्याच्या वाटा दोन. आपली फौज, खजिना व शस्त्रनिर्मिती वाढवणे ही संथ वाट. दुसऱ्याशी तह करणे ही झटपट, पण ठिसूळ. तह टिकायचा तर तीन गोष्टी आधी ठरलेल्या लागतात : कोणी कुठे व केव्हा चढाई करायची, खर्च कोणाचा, आणि शत्रूशी स्वतंत्र तह कोणीही करायचा नाही. तिसरे कलम सर्वांत आधी मोडते.

१७८० चा चौकडीचा बेत याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्रजांविरुद्ध नाना फडणिसांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणले. पुणेकरांनी मुंबईकडचा, हैदरने कर्नाटकचा (म्हणजे पूर्व किनाऱ्यावरील अर्काटच्या नवाबाच्या प्रदेशाचा), निजामाने उत्तर सरकारांचा (आंध्र किनाऱ्यावरील जिल्ह्यांचा) आणि भोसल्यांनी बंगालचा मोर्चा सांभाळायचा, अशी वाटणी होती. कागदावर ती निर्दोष होती, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांवर एकाच वेळी दाब आला असता. हैदर जुलैमध्ये कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूरला त्याने इंग्रज सेनानी बेलीच्या तुकडीचा धुव्वा उडवला. पण गुंटूर प्रांताच्या ताब्याचा वाद मिटवून इंग्रजांनी निजामाला गप्प केले. भोसल्यांची फौज कटकापाशी रेंगाळली आणि पैसा घेऊन थांबली. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजी शिंद्यांनी वेगळा समेट केला, त्यातून मे १७८२ चा सालबाईचा तह निघाला. हैदर मैदानात उरला तो जवळजवळ एकटा. फितुरी हे याचे सोपे उत्तर झाले. खरे कारण असे की चौघांपैकी प्रत्येकाला शेजारचा दोस्त दूरच्या शत्रूपेक्षा कमी धोक्याचा वाटत नव्हता. शिवाय कंपनीकडे १७६५ पासून बंगालच्या दिवाणीचा, म्हणजे महसूल गोळा करण्याच्या हक्काचा, वसूल होता. एका आघाडीवरची तूट ती दुसरीकडच्या पैशाने भरून काढू शकत होती. चौकडीत सामाईक खजिना नव्हता.

१७९० मध्ये पारडे फिरले. टिपूचा धाक जवळचा, म्हणून मराठे व निजाम इंग्रजांच्या बाजूला गेले. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूचा निम्मा मुलूख व ३ कोटी ३० लाख रुपये घेतले गेले आणि मुलूख तिघांत वाटला गेला. नफा तिघांना झाला, तरी इंग्रजांना तोलून धरणारे एक वजन निम्म्याने घटले. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या प्रसंगी गव्हर्नर जनरल शोर तटस्थ राहिले, तेव्हा निजाम काही काळ रेमंडच्या फ्रेंच कवायती पलटणींवर विसंबला.

दुबळ्या राज्यापुढे तिसरी वाट असते : बलवानाच्या वळचणीला जाणे. निजामाने १७९८ मध्ये तीच धरली. तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने राज्यात ठेवायची कंपनीची फौज, पत्करून त्याने फ्रेंच पलटणी मोडल्या. १७९९ मध्ये टिपूवर अखेरची चढाई झाली तेव्हा पुणे दरबार बाजूला राहिला. लढाईचा भार दुसऱ्यावर ढकलून आपण ताजे राहावे, हा डाव एरवी शहाणपणाचा असतो. पण ज्याच्यावर भार टाकला तो काही आठवड्यांतच संपला तर डाव उलटतो, आणि श्रीरंगपट्टण ४ मे रोजी पडले.

संथ वाटेतही खोट राहू शकते. महादजींनी युरोपीय सेनानी द बॉइनकडून उभारलेले कंपू (कवायती पलटणींचे गट) हिंदुस्थानातल्या उत्तम पायदळांत गणले जात, मात्र अंमलदार परके होते. १८०३ च्या युद्धात कंपनीने शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अंमलदारांना निघून येण्याचे फर्मावले आणि ऐन वेळी पलटणींचे नेतृत्व विस्कटले. तोफा व शिपाई आपले असले तरी हुकूम देणारा कोणाचा, हेही बळाच्या मोजणीत धरावे लागते.

तैनाती फौजेचा खर्च प्रथम रोख, नंतर मुलखाच्या रूपाने वसूल होई. ऑक्टोबर १८०० मध्ये निजामाने १७९२ व १७९९ मध्ये म्हैसूरकडून मिळालेला मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीला देऊन टाकला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने सहा पलटणींसाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि इतर राज्यांशी परभारे व्यवहार न करण्याचे मान्य केले. त्यामुळे पुण्याला नवी चौकडी जमवण्याची मुभाच उरली नाही.