बारीपासून हायवेपर्यंत: खान्देशच्या घाटांत वेग कुठून आला

आमच्याकडची जुनी माणसं घाटाला घाट म्हणत नाहीत, बारी म्हणतात. कोंडाईबारी, शेलबारी, डोलबारी, नावातच आहे सगळं. बारी म्हणजे डोंगरातली फट, जिथून माणूस आणि जनावर कसंबसं पलीकडे निघतं ती जागा. हे आधीच सांगतोय कारण आज ज्या वळणांवर आपण सत्तर-ऐंशीने गाड्या काढतो ती वळणं मुळात कोणत्या चालीसाठी पडली हे कळल्याशिवाय तिथले अपघात नीट समजत नाहीत. बातमीत दर वेळी एकच ओळ येते, चालकाचे नियंत्रण सुटले. पण ते का सुटलं याची गोष्ट दोनशे वर्षं मागून सुरू होते.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीची शेवटची टोकं आणि मधे तापीचं सपाट खोरं. म्हणजे खान्देश एक परात आहे असं समजा, आणि परातीतून बाहेर पडायचं तर काठ चढावाच लागतो. भुसावळकडून मलकापूरला किंवा बऱ्हाणपूरला निघालात तर सुटलात, बाकी इंदूरला जा, संभाजीनगरला जा, नवापूरकडून सुरतेला जा, मधे बारी आलीच. आणि परातीचा तळ इतका सपाट की गाडी चालवणाऱ्याच्या पायाला वेगाची सवय लागते, धुळ्याहून चाळीसगावला येईपर्यंत ती पक्की झालेली असते आणि मग समोर एकदम कन्नड घाट.

पूर्वी या बाऱ्यांमधून लमाणांचे तांडे जायचे, बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून. बैल तासाला तीनेक किलोमीटर चालतो. त्याला चढ सोपा हवा, वळण कितीही आखूड असलं तरी चालतं कारण तो जागच्या जागी वळतो. वाट डोंगराच्या कलाने जायची, नाला आला की आत वळायची, सोंड आली की बाहेर यायची. १८१८ साली पेशवाई गेली आणि खान्देश इंग्रजांकडे आला, पण डोंगर त्यांच्या हातात नव्हता, बाऱ्या भिल्ल नाईकांच्या राखणीत होत्या, वाटसरूकडून हक्काचे पैसे घ्यायचे आणि त्याला सुखरूप पलीकडे सोडायचं अशी ती पद्धत. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा तरुण अधिकारी इकडे आला, त्याने भिल्लांची पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. चाळीसगाव आणि कन्नडच्या मधल्या घाटाला औट्रम घाट म्हणतात ते त्याच्यावरून. घाटाच्या खाली इंग्रजांचा मुलूख आणि वर निजामाचा, १९४७ पर्यंत हीच स्थिती, म्हणजे घाट चढला की राज्य बदलायचं.

उत्तरेला सातपुड्यात सेंधव्याचा घाट, ज्याला आपण बिजासन म्हणतो, बिजासनी मातेच्या मंदिरामुळे. मुंबई-आग्रा रस्ता तिथूनच वर चढतो. या घाटात वाटसरूंची राखण करायची नोकरी खाज्या नाईकाकडे होती, आणि १८५७ ला तोच इंग्रजांवर उलटला, सरकारी खजिना लुटला, पुढे एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळीत उरकतात याचं मला वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा. इथे मुद्दा असा की तेव्हा घाटातला धोका म्हणजे लूट, वाघ, पाऊस. वेगाचा धोका कोणाच्या डोक्यात यायचंच कारण नव्हतं. भरलेली बैलगाडी उतरवताना चाकाला लाकूड दाबून धरायचं, मागून दोन माणसांनी दोर ओढून धरायचा, चढताना जादा बैलजोडी जुंपायची, आणि या सगळ्यात अर्धा दिवस जायचा. घाट हळूच उतरायचा असतो हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं.

मग कापूस आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव, भुसावळपर्यंत आली आणि पुढे बराच काळ जड माल आगगाडीने जायला लागला. त्यामुळे आपल्या घाटांवर पुढची कित्येक वर्षं मोठा भार आलाच नाही. रस्ते रुंद करायची गरज कोणाला वाटली नाही, जुनीच वाट, तीच वळणं, वर खडी आणि नंतर डांबर.

मोटार आली तसे कायदे आले, १९१४ चा, मग १९३९ चा, मग आत्ताचा १९८८ चा. एसटी १९४८ मध्ये सुरू झाली. लहानपणी चाळीसगावहून कन्नडला मामाकडे जायचो तेव्हाची एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. घाट सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हर काका गाडी अगदी हळू करायचे, उजवा हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळाला लावायचे, खटकन गिअर उतरवायचे आणि मग वरपर्यंत एकाच आवाजात गाडी घों घों करत चढायची. उतरतानाही तोच गिअर, तोच आवाज. मी मामाला विचारलं होतं की उताराला गाडी एवढी का रडते, तर मामा म्हणाला ती रडते म्हणून आपण हसत घरी जातो, इंजिनच तिला धरून ठेवतंय. मामाने पंधरा वर्षं रावेर-यावलची केळी ट्रकने दिल्लीला नेली, तो हे अनुभवाने बोलत होता.

आणि केळीवरूनच वेगाच्या गोष्टीला खरं वळण लागतं. कापूस एक दिवस उशिरा पोचला तर काही बिघडत नाही, केळी पिकते. भाव सकाळच्या मार्केटचा, गाडी वेळेत लागली तर भाडं पूर्ण, नाही लागली तर कापाकापी. रेल्वेकडचा माल ट्रकवर आला, रस्ते चौपदरी झाले, आणि ड्रायव्हरच्या डोक्यात टायमिंग बसलं. सपाटीवर गेलेला वेळ तो सपाटीवर भरून काढू शकतो पण रात्री तीन वाजता रिकामा घाट दिसला की तिथेच भरून काढतो. त्यात डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय. न्यूट्रल केलं की इंजिनचा रोध संपला, सगळा भार ब्रेकवर. इंजिन बंदच केलं तर आणखी वाईट, हवेच्या ब्रेकची टाकी भरायची थांबते, दहा वेळा ब्रेक मारला की हवा बसते, आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

मी एकदा साधं गणित करून बघितलं. चाळीसगाव आणि कन्नडच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक. २५ टनांचा भरलेला ट्रक तेवढा खाली आला तर जी ऊर्जा मोकळी होते तिने दोनशे लिटरचं पिंपभर पाणी खळखळ उकळेल. इंजिन गिअरमध्ये असेल तर त्यातली बरीचशी इंजिन खातं, नसेल तर ती सगळी ब्रेकच्या लायनर आणि ड्रममध्ये जाते. लायनर तापले की त्यांची पकड सुटते, पाय पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी धावतच राहते. यालाच आपण ब्रेक फेल म्हणतो. बऱ्याचदा ब्रेक तुटलेला नसतो, वरच्या पाच-सहा वळणांवर वेगाने आणि चुकीच्या गिअरने जाळून टाकलेला असतो.

जळलेल्या लायनरचा वास ज्याने घेतला तो विसरत नाही. दोन वर्षांपूर्वी बिजासन उतरून पळासनेरच्या अलीकडे चहाला थांबलो होतो, एक ट्रक कडेला लागला, मागच्या चाकांतून पांढरा धूर. किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, उडी मारून आधी टायरमागे दगड लावायला पळाला. ड्रायव्हर खाली उतरला, पंचविशीचाच पोरगा, चहाचा ग्लास हातात घेतला तर अर्धा चहा हातावर सांडला इतका हात कापत होता. टपरीवरचे बाबा त्याला ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, तुले काय घाई शे रे भो. तो काही बोलला नाही, बराच वेळ चाकाकडे बघत बसला.

त्याच पळासनेरला ४ जुलै २०२३ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कंटेनरचे ब्रेक लागेनात, पुढच्या गाड्यांना उडवत तो थेट हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली, त्यात बसची वाट बघत उभे असलेलेही होते. कोंडाईबारीत ऑक्टोबर २०२० मध्ये जळगावहून सुरतेला चाललेली खासगी बस रात्री पुलावरून खाली गेली, पाच जण गेले. आणि नंदुरबारकडचा चांदसैली घाट, तळोद्याहून धडगावला जाणारा, तो तर अजूनही बारीच आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. २०२५ च्या धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या तरुण पोरांची पिकअप तिथे उलटली. दिवाळीचे दिवस, कंदील लावलेली घरं, आणि गावात एकामागून एक अँब्युलन्स. पिकअपमध्ये माणसं उभी भरली की गाडीचा तोल वर सरकतो, मग वळणावर ती उलटायला फार वेगही लागत नाही, चाळीस पुरे.

वळणाचं शास्त्रही इथेच सांगून टाकतो. वेग दुप्पट केला की गाडीला बाहेर ढकलणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तीसने जे वळण लोण्यासारखं निघतं तेच साठने चौपट जोराने दरीकडे ओढतं. आणि ऐंशीला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, घाटातल्या आंधळ्या वळणावर पुढचं दिसतंच मुळी पंचवीस-तीस मीटर. म्हणजे समोरची गाडी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत रस्ता संपलेला असतो.

देशभराचे सरकारी आकडे बघा, २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातल्या ७१ टक्क्यांच्या वर मृत्यूंचं कारण अतिवेग नोंदवलंय. उपाय म्हणून २०१५ मध्ये नव्या ट्रक-बसना स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र, सक्तीचा केला, मर्यादा ताशी ८० किलोमीटर. सपाटीवर चांगला उपाय आहे, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण घाटात ८० म्हणजे मरण, आणि गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो, गाडी उतारावर आपल्या वजनाने पळायला लागली तर तो तिला धरू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढला, जड वाहनाला २००० ते ४००० रुपये. पण कॅमेरे बघावे तर सपाट चौपदरीवर, घाटातल्या वळणावर मला तरी अजून एकही दिसला नाही.

एक जुना नियम मात्र बैलगाडीच्या काळातला वाटावा असा आजही कायद्यात आहे. डोंगरातल्या रस्त्यावर दोन गाड्या निघण्याएवढी जागा नसेल तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढणारी भरलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलणं अवघड, मागे घसरायची भीती. जुने ड्रायव्हर हे न सांगता पाळायचे, लांबून डिपर द्यायचे, वळणाआधी हॉर्न, साईड मिळाली की हात वर. आता लायसन घेतलेल्या दहा पोरांना विचारून बघा, मी आमच्या गल्लीत विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. त्यांचा दोष म्हणवत नाही मला, कारण त्यांची टेस्ट झाली सपाट मैदानात, आठाचा आकडा काढून, घाट त्यांना कोणी दाखवलाच नाही.

रस्त्यांचे नंबर बदलले त्यात एक गंमतीशीर योग जुळलाय. पूर्वी बिजासनचा रस्ता ३ नंबर आणि कन्नडचा २११ नंबर होता, आता दोन्ही एकाच ५२ नंबरच्या महामार्गावर आहेत, पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या. म्हणजे बाहेरगावचा ड्रायव्हर एकाच रात्रीत सातपुडा उतरतो, आपली परात सुसाट ओलांडतो आणि पहाटे, नेमकी झोप डोळ्यांवर येते तेव्हा, अजिंठ्याच्या डोंगराला भिडतो.

कन्नड घाटाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात दरडी कोसळल्या, घाट बंद पडला, खाली चाळीसगावात पूर आला. घाटाखालून बोगदा काढायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटात जड वाहनांना बंदी आली. तासन् तास अडकणारी अँब्युलन्स निघायला लागली, हे खरंच मोठं काम झालं. पण मी त्या रस्त्याने महिन्यातून दोनदा जातो आणि मला एक गोष्ट खटकते. ट्रक असताना त्यांच्या मागे मुकाट रांगेत चालावं लागायचं, त्यांच्यामुळेच बाकीच्यांचा वेग आपोआप वीसवर असायचा. आता रस्ता मोकळा दिसतो आणि कार, बाईकवाले तो मोकळा समजूनच येतात. मागच्या वेळी मी सेकंड गिअरमध्ये उतरत होतो, मागून एक कार सारखी हॉर्न देत होती, आंधळ्या वळणाच्या तोंडावरच मला कट मारून पुढे गेली. पुढच्या वळणाचा कठडा आधीच कोणीतरी तोडलेला, तिथे दगडांना पांढरा चुना मारून ठेवलाय. ती कार त्या दगडांना घासूनच गेली असावी, कारण मी पोचलो तेव्हा एक दगड सरकलेला होता आणि रस्त्यावर ताजा चुना पडला होता. मी गाडी कडेला लावून उतरलो, दगड जागेवर ढकलला. खाली दरीत बघितलं, सागाची झाडं, आणि त्यांच्यात अडकलेला कोणत्यातरी जुन्या गाडीचा निळा दरवाजा.