अल्पखर्ची अधिशोषकांनी सांडपाण्यातील विषारी धातू काढणे

शिसे, कॅडमियम, पारा, निकेल, तांबे, क्रोमियम यांसारख्या धातूंनी आणि आर्सेनिकने दूषित झालेले पाणी शेतीतील अवशेष, कारखान्यांतील टाकाऊ पदार्थ किंवा माती-खनिजे यांच्या संपर्कात आणून त्यांचे आयन (विद्युतभारित कण) घन पदार्थाच्या पृष्ठभागावर पकडून ठेवण्याची पद्धत. असे पकडणे म्हणजे अधिशोषण आणि पकडणारा पदार्थ म्हणजे अधिशोषक. विद्युत विलेपन, कातडी कमावणे, बॅटरी व रंगद्रव्यांचे उत्पादन, खाणकाम ही अशा सांडपाण्याची मुख्य उगमस्थाने. सेंद्रिय घाण जीवाणू खाऊन संपवतात; धातू मात्र नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. या पद्धतीचा विचार करताना ही गोष्ट शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी लागते.

धातूचे प्रमाण जास्त असेल, तर चुना घालून त्याचा गाळ बसवणे हाच सोपा मार्ग. पण त्यानंतरही पाण्यात थोडा धातू उरतो आणि तो काढण्यासाठी चुना वाढवत गेल्यास गाळ वाढतो, पाणी फारसे सुधारत नाही. आयन-विनिमय रेझिन, व्यस्त परासरण (आरओ) व सक्रियित कार्बन हे काम चोख करतात, परंतु महाग पडतात. अल्पखर्ची अधिशोषकांची खरी जागा इथे, म्हणजे शेवटच्या टप्प्यातील विरल पाण्यासाठी आहे.

भाताचे तूस, लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले, फळांच्या साली, काथ्या, शेवाळ, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान, बेंटोनाइट माती, झिओलाइट आणि औष्णिक वीज केंद्रांतील उडती राख यांवर भरपूर काम झाले आहे. वनस्पतिजन्य पदार्थांतील सेल्युलोज, लिग्निन व पेक्टिन यांवरील कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट, तर कायटोसानमधील अमिनो गट धातूला धरतात. पुष्कळदा ही सरळ अदलाबदल असते: कॅल्शियम किंवा हायड्रोजन सुटतो आणि त्याच्या जागी शिसे बसते.

सारे गणित पाण्याच्या सामूवर (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) फिरते. सामू 2 च्या आसपास असेल, तर हायड्रोजन आयनच जागा अडवतात आणि शिसे, तांबे, कॅडमियम पाण्यातच राहतात. त्यांच्यासाठी साधारण 5 ते 6 सामू योग्य. षट्‌संयुजी क्रोमियमचे (+6 अवस्थेतील क्रोमियमचे) उलट आहे. तो ऋणभारित रूपात असल्याने, आम्लात पृष्ठभाग धनभारित होतो तेव्हा, म्हणजे 2 ते 3 सामूला, उत्तम धरला जातो, आणि सेंद्रिय पदार्थाशी क्रिया होऊन त्याचा काही भाग कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियममध्ये बदलतो. हा त्रिसंयुजी क्रोमियम आम्लधर्मी पाण्यात पुन्हा विरघळून राहतो. म्हणून केवळ षट्‌संयुजी क्रोमियम मोजून थांबू नये, एकूण क्रोमियमही मोजावा.

पदार्थ तयार करताना तो धुऊन 60 ते 105 अंश सेल्सिअसला वाळवतात, दळतात आणि चाळून साधारण 0.25 ते 0.5 मि.मी. आकाराचे कण घेतात. कच्च्या भुशातून टॅनिन व रंग पाण्यात उतरतो. धातू कमी झाला तरी पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी (सेंद्रिय घाणीचे माप) वाढते, ती यामुळे. यावर 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून धुण्याचा उपाय करतात. त्याने एस्टर गट तुटून कार्बॉक्सिल गट मोकळे होतात व धातू धरण्याची क्षमताही वाढते. मात्र धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुवावे. उरलेल्या अल्कलीने धातूचा हायड्रॉक्साइड साका बनतो आणि तो अधिशोषणाच्या खात्यात जमा होतो. राखेच्या बाबतीत ही फसगत सर्रास होते. शिवाय राखेतूनच आर्सेनिक किंवा क्रोमियम पाझरू शकतो, म्हणून ती आधी साध्या पाण्यात हलवून ते पाणी तपासावे.

क्षमता ठरवताना मूळ व उरलेल्या प्रमाणातील फरकाला पाण्याच्या आकारमानाने गुणून पदार्थाच्या वजनाने भागतात. समजा, 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम भुसा घालून शिसे 50 मिलिग्रॅमवरून 5 वर आले. 90 टक्के शिसे निघाले, हे ऐकायला छान वाटते. पण क्षमता भरते ग्रॅममागे 9 मिलिग्रॅम, आणि उरलेले 5 मिलिग्रॅम हे जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या 0.01 मिलिग्रॅम या मार्गदर्शक मूल्याच्या 500 पट आहे. रोज 1 लाख लिटर पाणी असेल, तर 500 किलो कोरडा भुसा लागेल आणि त्यात अडकेल अवघे 4.5 किलो शिसे. टक्केवारी पदार्थ वाढवून हवी तितकी वर नेता येते. निर्णय घ्यावा तो पाणी सोडण्याच्या मर्यादेइतक्या कमी प्रमाणाला मिळणाऱ्या क्षमतेवरून. लँगम्यूर समीकरणातून (पृष्ठभागावरील सर्व जागा भरल्या तर किती धातू मावेल हे सांगणारे सूत्र) काढलेली कमाल क्षमता त्या कामाची नाही.

चाचणी शुद्ध पाण्यात क्षार विरघळवून केलेली असेल, तर प्रत्यक्ष सांडपाण्यात कामगिरी घसरते. कॅल्शियम-मॅग्नेशियम जागा व्यापतात, आणि विलेपनाच्या पाण्यातील सायनाइडसारखे घटक धातूला ऋणभारित संयुगात बांधून ठेवतात. अधिशोषकाशिवायचा नमुनाही त्याच गाळणीतून गाळून मोजावा, कारण गाळणकागद आणि काच थोडा धातू धरतात.

प्रत्यक्ष वापरात स्तंभ, म्हणजे अधिशोषक भरलेल्या उभ्या नळ्या, सोयीचे. स्तंभाचा व्यास कणांच्या निदान 10 पट असावा, नाहीतर पाणी कडेने निसटते. बारीक भुकटी दाब वाढवते आणि भुसा फुगून वाट बंद करतो, म्हणून तो आधी भिजवूनच भरतात. दोन स्तंभ एकामागे एक जोडल्यास पहिला पूर्ण भरेपर्यंत वापरता येतो व निसटलेला धातू दुसरा पकडतो.

भरलेला पदार्थ 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यास बराचसा धातू थोड्या पाण्यात गोळा होतो आणि तांब्यासारखा धातू विद्युत अपघटनाने परत मिळवता येतो. प्रत्येक फेरीत क्षमता थोडी घटते. अखेर उरलेला पदार्थ घातक कचरा ठरतो. धातू पाझरतो का ते तपासून तो सिमेंटमध्ये बांधतात किंवा सुरक्षित भरावात ठेवतात. पारा, कॅडमियम व आर्सेनिक उष्णतेने वाफ होऊन निसटतात, म्हणून तो उघड्यावर जाळणे धोक्याचे. वापरलेले तूस दिसायला साध्या तुसासारखेच असते. ते खतात, सरपणात किंवा जनावरांखाली जाऊ नये यासाठी स्तंभातून काढताक्षणीच बंद, चिठ्ठी लावलेल्या पिंपात भरावे.