अँटिव्हायरसचा संशय नेमका कशावरून?

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्प सादर करण्याचे दिवस आले, की एक तक्रार हमखास कानावर येते: स्वतः लिहिलेला पायथन प्रोग्रॅम ‘पायइन्स्टॉलर’ने ईएक्सई फाइलमध्ये बदलला आणि विंडोजसोबत येणाऱ्या ‘डिफेंडर’ या अँटिव्हायरसने त्याला ‘ट्रोजन:विन३२/वाकाटाक.बी!एमएल’ असे नाव देऊन क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत, टाकले. मग कुणी घाबरून लॅपटॉप फॉरमॅट करतो, तर कुणी अँटिव्हायरसच बंद करून टाकतो. नाव दिले म्हणजे मालवेअरची (घातक प्रोग्रॅमची) ओळख पटली, हा गैरसमज दोघांचाही असतो. नावाच्या शेवटी असलेले ‘एमएल’ मशीन लर्निंगचे आहे आणि ते नाव म्हणजे एका गणिती मॉडेलने वर्तवलेला अंदाज आहे. इतर कंपन्यांच्या नावांत येणारे ‘जेन’, ‘ह्यूर’ किंवा ‘जेनेरिक’ही साधारण हेच सांगतात.

ज्ञात मालवेअरमधील बाइटांचा ठरावीक क्रम शोधणे ही मूळ पद्धत. मात्र प्रत्येक लागणीच्या वेळी स्वतःचे रूप बदलणारे व्हायरस १९९० च्या सुमारास आले आणि ती अपुरी पडली. कोणताही व्हायरस अचूक ओळखणारी सार्वत्रिक पद्धत असूच शकत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधात तर्काने दाखवून दिले होते. म्हणून अँटिव्हायरसला लक्षणांवरून अंदाज बांधावा लागतो.

त्यांतील सर्वांत सुंदर लक्षण म्हणजे एन्ट्रॉपी, अर्थात फाइलमधील बाइट किती विस्कळीत आहेत याचे माप. एका बाइटची ० ते २५५ अशी २५६ मूल्ये असू शकतात. फाइलमध्ये ती सर्व सारख्याच प्रमाणात विखुरलेली असतील, तर एन्ट्रॉपी प्रतिबाइट ८ बिट, म्हणजे कमाल भरते. एकच मूल्य सर्वत्र असेल, तर शून्य. प्रोसेसरच्या सूचनांत काही बाइट पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे साध्या प्रोग्रॅमच्या कोडची एन्ट्रॉपी साधारण ६ च्या आसपास राहते. तोच कोड संकुचित किंवा कूटबद्ध केला, की पुनरावृत्ती नाहीशी होऊन ती ७ च्या पुढे, ८ च्या जवळ सरकते. मालवेअर लिहिणारे आपला कोड लपवण्यासाठी हेच करतात, आणि पायइन्स्टॉलर केवळ आकार कमी करण्यासाठी हेच करतो. शिवाय सर्व काही एकाच फाइलमध्ये भरण्याचा पर्याय निवडल्यास तयार झालेला प्रोग्रॅम सुरू होताना आपले घटक तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो. निरुपद्रवी सोंग घेऊन येणारे मालवेअर, म्हणजे ट्रोजनही, तसेच वागतात. प्रोग्रॅमचा प्रारंभ करून देणारा पायइन्स्टॉलरचा तयार भाग हजारो चांगल्या-वाईट प्रोग्रॅममध्ये सारखाच असतो. त्यात फाइलवर निर्मात्याची ओळख पटवणारी डिजिटल सही नाही आणि जगात ती याआधी कुणी पाहिलेलीही नाही, म्हणजे संशयाची बेरीज पूर्ण होते. अशा वेळी एकाच फाइलऐवजी फोल्डरचा पर्याय वापरावा आणि फाइल तपासणीसाठी अँटिव्हायरस कंपनीकडे पाठवावी.

फाइल दुसरीकडून आली असेल, तर प्रश्न वेगळा. क्वारंटाइनमधील फाइल चालू शकत नाही, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. सशुल्क सॉफ्टवेअर फुकट चालवण्यासाठीचे क्रॅक किंवा की-जेन असेल, तर इशारा खराच मानून ती काढून टाकावी. अधिकृत संकेतस्थळावरून घेतली असेल, तर डिजिटल सही पाहावी आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला अंकी ठसा, तिथे दिलेल्या हॅशशी ताडावा. अनेक अँटिव्हायरस इंजिनांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर हाच हॅश शोधता येतो. खासगी फाइल मात्र तिथे चढवू नये, कारण ती इतर संशोधकांना उपलब्ध होते. तिथल्या सुमारे ७० इंजिनांपैकी दोन-तीनच इंजिनांनी मोघम नाव दिले असेल, तर खोट्या इशाऱ्याची शक्यता वाढते. पण अगदी नवे मालवेअरही सुरुवातीला असेच दिसते, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा तपासावे. अनेक इंजिने मालवेअरच्या एकाच विशिष्ट कुटुंबाचे नाव घेत असतील, तर शंकेला जागा उरत नाही.

ब्राउझरमध्ये अचानक उघडणाऱ्या ‘तुमच्या संगणकात १७ व्हायरस सापडले’ या पानांचा या शास्त्राशी काहीही संबंध नाही. वेबपान तुमची डिस्क तपासूच शकत नाही. ती निव्वळ फसवणूक आहे.

फाइल निर्धोक ठरली, तर तपासणीतून सूट फक्त त्या फाइलला द्यावी, संपूर्ण ड्राइव्हला कधीही नाही. ती धोकादायक ठरली आणि आधीच चालवली गेली असेल, तर इंटरनेट तोडून डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी आणि बँक व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत.