जुन्या स्वरलिपीची प्रत मागवण्यापूर्वी

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या जुन्या स्वरलिपींच्या आमच्या संग्रहातून प्रत मागवताना एक गोष्ट आवर्जून कळवा: ती कशासाठी हवी आहे? एकाच रचनेचं संगीतकाराच्या हातचं हस्तलिखित, नकलाकाराने उतरवलेली प्रत, पहिली छापील आवृत्ती आणि नंतरची संपादित आवृत्ती यांत फरक असतो, आणि कधी कधी तो थेट स्वरांचाच असतो.

पियानोसाठी लिहिणाऱ्या शोपँ या संगीतकाराच्या अनेक रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या प्रकाशकांनी साधारण एकाच सुमारास काढल्या. त्या ताडून पाहिल्या तर कुठे स्वर वेगळा, कुठे पेडलची खूण वेगळी. शिवाय शिष्यांच्या छापील प्रतींवर तो पेन्सिलीने बदल करून देई. यातली खरी कोणती, असं ग्राहक विचारतात. आमच्या मते एकीवर बोट ठेवणं चुकीचं आहे. वाजवायला बसण्याआधी शक्यतो तिन्ही पाहा.

छापील प्रतीवर साल नसलं तर बिचकू नका. 18व्या-19व्या शतकांतले बरेच प्रकाशक साल छापतच नसत. पानाच्या तळाशी मधोमध असलेला छोटा आकडा बघा. तो पत्र्याचा क्रमांक. कथील-शिशाच्या पत्र्यावर चिन्हं उलटी ठोकून आणि कोरून पान तयार होई. प्रकाशकाच्या क्रमांकांच्या क्रमावरून पत्रा केव्हाचा, याचा अंदाज बांधता येतो. मात्र तेच पत्रे पुढे वर्षानुवर्षं वापरले जात, त्यामुळे हातातलं पान नेमकं कधी छापलं हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

हस्तलिखितांच्या प्रतींत काही ठिकाणी भोकं दिसतील. मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून केलेली शाई कालांतराने कागद खाते. जिथे शाई दाट, तिथे आधी: स्वराचा भरीव गोळा गळून पडतो, त्याची दांडी तेवढी शिल्लक राहते. बर्लिनमध्ये असलेल्या बाखच्या बी मायनर मास या धार्मिक समूहगान-रचनेच्या हस्तलिखिताचं याच शाईने फार नुकसान केलं. अशी भोकं आम्ही स्कॅनमध्ये बुजवत नाही. तुमच्याकडे अशी पानं असतील तर त्यांची घडी घालू नका, चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको.

हक्कांबद्दल थोडं. संगीतकार जाऊन शतकं लोटली तरी नव्या आवृत्तीवर संपादकाचा हक्क असू शकतो. अशा आवृत्त्यांच्या प्रती आम्ही काढून देत नाही, त्या प्रकाशकाकडूनच घ्याव्यात.

मागणीत रचनेचं नाव, ओपस क्रमांक, म्हणजे संगीतकाराच्या रचनांना दिलेला क्रमांक (मोझार्टसाठी कोशेल क्रमांक, म्हणजे कोशेलने केलेल्या त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), वाद्य आणि पूर्ण स्कोअर (सगळी वाद्यं एकत्र) हवा की सुटे पार्ट (एकेका वाद्याचे वेगळे), एवढं लिहा.