चालण्याचे अंतर व पेस : मापनातील तफावत

एकाच वाटेने एकाच वेळी चालताना मनगटी ट्रॅकर, स्मार्टफोन व जीपीएस घड्याळ यांच्या नोंदी जुळत नाहीत, कारण यांपैकी कोणतेही साधन अंतर थेट मोजत नाही. पावलांची संख्या किंवा उपग्रहांवरून ठरवलेली स्थाने यांतून ते अनुमानाने काढले जाते, आणि त्यामागचे गणित उत्पादकागणिक निराळे असते.

पावलांवरून अंतर काढण्याची कल्पना जुनी आहे. यांत्रिक पदमापकाचे श्रेय कोणी लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांना, तर कोणी आब्राआम-लुई पेरले या स्विस घड्याळजीला (सुमारे १७८०) देतात. थॉमस जेफर्सन यांचे नावही घेतले जाते, परंतु त्यांनी असे उपकरण वापरले, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल. भारतात सर्वेक्षण खात्याने तिबेटच्या गुप्त पाहणीसाठी नेमलेल्या नैनसिंह रावत यांना ठरावीक लांबीचे पाऊल टाकण्याचे शिक्षण दिले होते. १८६५-६६ च्या ल्हासाच्या प्रवासात ते दर शंभर पावलांना शंभर मण्यांच्या माळेतला एक मणी सरकवीत. त्यांच्या पावलाची लांबी काही लेखक ३३ इंच, तर काही ३१.५ इंच देतात. मैलाला २,००० पावले हा प्रचलित हिशेब स्वीकारल्यास पाऊल ३१.६८ इंचांचे येते, त्यामुळे दुसरा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. ३३ इंच धरल्यास मैलाला १,९२० पावलेच पुरतात.

आजच्या ट्रॅकरमध्ये त्वरणमापक (हालचालीतील वेगबदल टिपणारा संवेदक) पावले मोजतो आणि पावलाची लांबी बहुधा उंचीवरून, साधारणतः उंचीच्या ०.४१ पट, गृहीत धरली जाते. ती ७० सेंमी. धरली असता प्रत्यक्ष पाऊल ६६ सेंमी. पडले, तर १०,००० पावलांत ४०० मीटर जादा दिसतात. गर्दीत वा रमतगमत चालताना पाऊल आखूड होते. ट्रॉली ढकलताना हात स्थिर राहिल्याने काही पावले मोजलीच जात नाहीत.

जीपीएसमधील त्रुटी अधिक गुंतागुंतीची आहे. स्थाननिश्चितीत मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक राहते. ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे असली तरी लांबीच्या बेरजेत रद्द होत नाही, कारण नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा नेहमीच लांब भरते. लागोपाठच्या बिंदूंची चूक बरीचशी सारखी असल्याने हा फुगवटा मर्यादित राहतो. उंच इमारतींच्या गल्लीत संदेश परावर्तित होऊन येतात तेव्हा तो वाढतो. याउलट नोंदी विरळ घेतल्या किंवा रेषा गुळगुळीत केली की वळणे कापली जातात व अंतर घटते. घाटातील नागमोडी पायवाटेवर हे ठळकपणे जाणवते. त्यामानाने चढाचा परिणाम समजुतीपेक्षा कमी असतो : दहा टक्के चढावर क्षैतिज व प्रत्यक्ष अंतरात केवळ अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो.

पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, अंतरावरून निघत असल्याने त्यात अंतराची चूक उतरतेच. शिवाय वेळ कोणता धरावा याबाबतही एकवाक्यता नाही. ५ कि.मी. ला सिग्नलवरील ६ मिनिटांसह ६० मिनिटे लागली, तर एकूण वेळेवरून पेस १२ मिनिटे, आणि थांबा आपोआप वगळणाऱ्या घड्याळात १० मिनिटे ४८ सेकंद येतो. क्षणिक पेस तर मागील किती सेकंदांची सरासरी घेतली यावर अवलंबून असतो : सरासरी अल्पावधीची असल्यास आकडा सतत खालीवर होतो, दीर्घावधीची असल्यास चाल बदलल्याचे उशिरा दिसते.