हक्कापुरती माणसं

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत वंशावळीचं वेड चांगलंच मुरलेलं आहे. निवृत्त झालेले एखादे काका ट्रंकेतले कागद उन्हात घालतात, तिकडे अमेरिकेतली भाची व्हॉट्सॲपवर पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारते, आणि काम अंगावर येतं. थोड्याच दिवसांत ध्यानात येतं की कागदांत भेटणारी माणसं घरच्या आठवणींशी जुळत नाहीत. थोरल्या पातीची, म्हणजे शाखेची, सात नावं सापडतात, धाकट्या पातीचं एकच. मुलींचा पत्ता नाही. कुठल्याशा चुलत्याचं नाव मात्र पानोपानी, कारण तो जन्मभर भांडत राहिला.

यात कारकुनाची चूक काही नाही. हे कागद आठवण राहावी म्हणून लिहिलेलेच नव्हते. मराठी मुलखात वंशावळ लिहिली गेली ती हक्क शाबीत करायला, आणि हक्कात ज्याचा संबंध नाही त्याचं नाव लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतनं वंशपरंपरेची. वतन म्हटलं की मानपान, इनाम जमीन आणि वडिलकी कुणाची यावरून भाऊबंदकी आलीच. तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि भाऊबंदांच्या सभेपुढे, गेला की दोन्ही पक्ष आपापली हकीकत मांडत, तिला करीना म्हणत. निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निकाल, होई. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोण निसंतान गेला, कोण दत्तक आला, हे सगळं त्या करीन्यात ओघानं येई. म्हणून ज्या घराण्यात भांडणं जास्त, त्याची वंशावळ भरघोस. गुण्यागोविंदानं नांदलेल्या घराची माहिती मिळवताना नाकी नऊ येतात.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि पुण्याचं दप्तर इंग्रजांच्या हाती गेलं. पुढे इनामांच्या चौकशीसाठी इनाम कमिशन बसलं, त्याला १८५२ च्या कायद्यानं बळ मिळालं. इनामदारांना सनदांबरोबर कैफियत, म्हणजे लेखी हकीकत, आणि वंशावळही द्यावी लागली. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात घराण्याचा शोध घेणाऱ्यांना जे हाती लागतं, त्यातलं बरंच या चौकशीमुळे रचलं आणि लावलं गेलेलं आहे. बनावट वंशावळींची भीतीही तेव्हापासूनची. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये त्यावर एक मार्मिक अट होती. मयत माणसानं कौटुंबिक वंशावळीत नात्याबद्दल लिहून ठेवलेलं पुराव्यात घेता येई, पण ते वाद उपस्थित होण्याआधीचं असलं तरच. हौशी संशोधकानंही हीच चाळणी लावावी. जुनी वंशावळ मिळाली की आधी ती कधी आणि कशासाठी लिहिली ते पाहावं. त्यातली नावं नंतर.

वडोदऱ्याला याचं सांगणं लागत नाही, कारण इथे गादीच वंशावळीवर ठरली. गायकवाडांची पाटीलकी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, दावडीला. पिलाजीरावांनी गुजरातेत पाय रोवले आणि १७३४ पासून वडोदरा गायकवाडांकडे राहिलं. १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना पदच्युत केलं आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तकाची परवानगी दिली. शोध सुरू झाला. घराण्याच्या फांद्या धुंडाळता धुंडाळता तो नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाण्याला पोहोचला. तिथे शेती करून राहणारी गायकवाडांची एक दूरची शाखा होती. काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव निवडला गेला आणि २७ मे १८७५ रोजी त्याचं दत्तविधान झालं. हेच सयाजीराव महाराज, तिसरे.

गोपाळराव काशीराव दत्तविधानानंतर सयाजीराव खंडेराव झाले. पहिलं नाव बदललं, बापाचं नाव बदललं. घराण्याचा तक्ता काढताना हा माणूस दोन ठिकाणी येतो, जन्मदात्याखाली एकदा आणि दत्तक पित्याखाली एकदा. साध्या घरांतही दत्तकं सर्रास होती आणि त्यांचीही गत हीच. एका बाजूला मुलगा अचानक नाहीसा होतो, दुसरीकडे निपुत्रिकाला बारा वर्षांचा मुलगा होतो. जन्माची रेघ सलग आणि दत्तकाची तुटक काढायची पद्धत त्यासाठीच आहे.

नावांचा दुसरा फास आजोबांच्या नावाचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, त्यामुळे रामचंद्र गणेश, गणेश रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गणेश अशी माळ लागते. सनद कुठल्या रामचंद्राच्या नावे आहे हे साल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि सालातच खरी मेख आहे. तो १८७५ चा मे महिनाच घ्या. मराठी कागदात तो शके १७९७. वडोदऱ्याच्या गुजराती चोपड्यात संवत १९३१, कारण गुजरातेतलं विक्रम संवत कार्तिकात बदलतं. इंदूर-उज्जैनकडच्या कागदात मात्र त्याच महिन्यात संवत १९३२, कारण तिकडचं संवत चैत्रात बदलतं. त्याहून जुन्या मराठी पत्रांत मृग नक्षत्रापासून सुरू होणारं शुहूर सन हे वेगळंच वर्ष येतं, आणि तारखेआधी ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्यातला दिवस, दिलेला असतो. हे ठाऊक नसलं की एकाच मृत्यूच्या दोन तारखा दिसतात, आणि माणूस दोन चुलत्यांची कल्पना करून बसतो.

जुने मराठी कागद मोडीत आहेत. आधी सलग रेघ, मग तिला लोंबणारी अक्षरं, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण वंशावळीपुरतं मोडी शिकणं वाटतं तितकं अवघड नाही. नावं ओळखीची असतात, आणि ‘बिन’ किंवा ‘वलद’ दिसलं की पुढे बापाचं नाव, ‘कोम’ दिसलं की नवऱ्याचं. एवढं डोळ्यात बसलं तरी अर्धा कागद सुटतो. पुरं वाचन जाणकाराकडूनच करून घ्यावं. कागद लॅमिनेट मात्र करू नये. हे मी इथल्या घरोघरी पाहिलं आहे, आणि सनदेचा तो प्लास्टिकमध्ये कोंडलेला तुकडा पाहून जीव हळहळतो. बिनआम्ल कागदाचं पाकीट, दोन्ही बाजूंचा फोटो, आणि फोटोच्या फाइलच्या नावात साल आणि कागदाचा प्रकार, एवढं पुरे. दोन्ही बाजूंचा यासाठी की मागच्या बाजूला शिक्के आणि शेरे असतात.

वडोदरा संस्थानच्या कागदांत आणखी एक गुंता आहे तो बदल्यांचा. संस्थान सलग नव्हतं. वडोदरा, कडी, नवसारी, अमरेली अशा प्रांतांत ते विखुरलेलं. मराठी कारकून किंवा फौजदार रावपुऱ्यातला असला तरी त्याचा थोरला मुलगा नवसारीला जन्मलेला, धाकटी मुलगी अमरेलीत. शाळेचे दाखलेही त्या त्या गावी. या संस्थानात शाळेचे कागद भरपूर आहेत, कारण सक्तीचं मोफत शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू झालं आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू झालं. शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. १ जून दिसली की ती मास्तरांनी बसवलेली असण्याचा संभव अधिक. १९०४ चा बालविवाह प्रतिबंधाचा कायदाही शोधकाच्या कामाचा. मुलीचं वय १२ आणि मुलाचं १६ ही किमान मर्यादा होती. अपवाद म्हणून परवानगी मागता येई, मोडल्यास दंड होई, आणि दोन्ही गोष्टींचा कागद होई. जनगणनेचे अहवाल छापील आहेत, पण त्यांत आकडे आहेत, नावं नाहीत.

मग बायका कुठे सापडतात? सरकारी दप्तरात फार थोड्या. विधवा म्हणून, दत्तक घेणारी म्हणून, किंवा अन्नवस्त्रासाठी अर्ज करणारी म्हणून. त्यातही लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरची गोदावरी आणि सासरची लक्ष्मीबाई एकच हे कागद सांगत नाही. इथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या कामी येतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार इथे यजमानाचं गाव, पूर्वज आणि बरोबर आलेल्यांची नावं लिहून घ्यायची चाल आहे. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेनं मायक्रोफिल्म काढली. वडोदरेकरांसाठी आणखी एक ठिकाण आहे. पूर्वीच्या कडी प्रांतातलं सिद्धपूर. बिंदुसरोवरावर मातृगया होते, आणि तिथल्या श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात. जमिनीच्या कागदात जागा न मिळालेल्या बायकांना निदान पिंडापुरतं नाव मिळालं. आजीच्या आजीचा शोध घेणाऱ्यानं पुण्याच्या आधी सिद्धपूरचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

गुजराती शेजाऱ्यांकडे वहीवंचे बारोट येतात. पिढ्यान्‌पिढ्यांची वही घेऊन यजमानाच्या दारी वाचतात आणि नव्या जन्मांची नोंद करून जातात. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगावच्या बाजूला हेळवी हेच काम करतात. वडोदऱ्यात येऊन वसलेल्या मराठी शिलेदारांच्या आणि कारकुनांच्या मागे मात्र गावचे हेळवी किंवा भाट सहसा आले नाहीत. म्हणून इथल्या कित्येक घरांचा धागा गुजरातेत आलेल्या पहिल्या पुरुषापाशी तुटतो, आणि त्याच्या मागे जायचं तर मूळ गाव शोधावं लागतं. कुलदैवत आणि देवक विचारलं तर दिशा मिळते. म्हाताऱ्यांना मूळ गावचं नाव आठवत नाही, पण कुठल्या देवाला नवस फेडायला जात होतो ते पक्कं आठवतं.

संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला वडोदरा गुजरातेत गेलं. मूळ गावचा कागद महाराष्ट्रात, पोटापाण्याचा कागद गुजरातेत, अशी कायमची विभागणी झाली. सुदैवानं दोन्हीकडची जमीनमहसुलाची पद्धत जुन्या मुंबई इलाख्याची. सातबारा इकडे आहे तसा तिकडे, गाव नमुना सहा म्हणजे हक्कपत्रक आणि त्यातले फेरफार दोन्हीकडे. वारसाचा फेरफार म्हणजे छोटी वंशावळच. मयताचं नाव, वारस, नातं, तारीख एका ओळीत.

कागद हक्कासाठी हे सूत्र अजून सुटलेलं नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. वडोदऱ्यात वारसाईसाठी आजही तलाठ्याकडे पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करावा लागतो, पंचांच्या सह्यांसकट. जुन्या पेढीनाम्यांत मुली बहुधा गाळलेल्या दिसतात. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त होऊन मुली वडिलोपार्जित मिळकतीत समान भागीदार झाल्या, आणि त्यानंतरच्या पेढीनाम्यांत लग्न होऊन गेलेल्या आत्या नाव, वय, पत्त्यासह हजर होतात. बहुतेक घरांत त्या पाठोपाठ हक्क सोडल्याचा दस्तही करून देतात. तक्ता करणाऱ्यानं त्याचीही नक्कल मागून घ्यावी, कारण आत्यांच्या सासरचं आडनाव आणि गाव तिथेच मिळतं.