भांगेच्या बियांचं तेल आणि सोललेलं बी : बाटली उघडण्याआधी वाचा

आमच्याकडे परत येणाऱ्या बाटल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. “तेल कडू निघालं, धूर फार झाला.” विचारल्यावर कळतं की त्या तेलात फोडणी घातली होती.

हे तेल तापवायचं नाही. साधारण 165 अंशांच्या आसपास ते धुरावतं, आणि मोहरी तडतडेपर्यंत कढईतलं तेल सहज तिथवर जातं. यातली सुमारे 80 टक्के स्निग्धाम्लं नाजूक असतात, ओमेगा-6 आणि ओमेगा-3 प्रकारची. तेल महाग आहे ते त्यांच्यासाठीच, आणि उष्णतेनं पहिल्यांदा बिघडतात तीच. म्हणून ताटात वाढल्यावर वरून एक चमचा घ्या: गरम भाकरीवर, आमटीवर, कोशिंबिरीत किंवा कोरड्या चटणीत कालवून. फोडणीला करडईचं नाहीतर शेंगतेल वापरा. दोन्ही आमच्याच घाण्यावर निघतात, आणि भांगेच्या तेलापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात.

तक्रारींचं दुसरं कारण साठवणुकीचं. तेल हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे, रंग घातलेला नसतो. पण हरितद्रव्य उजेडात तेल लवकर खवट करतं, म्हणून आम्ही गडद काचेची बाटली वापरतो. “पारदर्शक बाटलीत द्या, तेल दिसलं पाहिजे” असा आग्रह होतो, तो आम्ही मानत नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. गॅसशेजारच्या फळीवर सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात ती तेवढी टिकत नाही. तळाशी बसलेला बारीक गाळ बियांचा असतो, त्यानं काही बिघडत नाही. मात्र वास जुन्या रंगासारखा येऊ लागला की तेल टाकून द्या.

सोललेल्या बियांत 100 ग्रॅमला साधारण 30 ग्रॅम प्रथिनं असतात. ते भाजू नका. थालीपिठाच्या पिठात घातलं तरी चालतं, पण खरी चव कोशिंबिरीवर नाहीतर दह्यावर भुरभुरल्यावर लागते. अख्खं बी मात्र मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंतच परता, जास्त झालं की कडवट होतं. चार चमचे बी, अर्धा चमचा जिरं, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू एकत्र वाटलं की उत्तराखंडातली भांगेची चटणी तयार. साल दाताखाली येते, म्हणून आधी बी-जिरं कोरडं बारीक करा, मग ओलं जिन्नस घाला.

नशा येते का? नाही. नशेचं द्रव्य, टीएचसी, मादी फुलोऱ्याच्या राळेत असतं, बियांत तयार होत नाही. बियांना फुलोऱ्याचा चुरा चिकटला तरच त्याचा अंश येतो. म्हणून एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या 2021 च्या नियमांत टीएचसीला बियांसाठी किलोमागे 5 आणि तेलासाठी 10 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. डोप चाचणी होणाऱ्या पैलवानांनी आणि खेळाडूंनी तरीही आधी प्रशिक्षकांना विचारावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना.

“थोडं बी परसात टाकू का? परदेशात म्हणे घरोघरी भांगेच्या सॅटिव्हा जातीची झाडं लावतात.” हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. लावू नका. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येत सुटं बी येत नाही, पण परवान्याशिवाय झाड लावणं हा गुन्हा आहे. त्याला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कुंडीत एकच झाड लावलं म्हणून सूट नाही. आमचं बी उत्तराखंडातल्या परवानाधारक शेतीतून येतं. तिथे 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या जातींनाच परवानगी मिळते. पेरणीसाठी बी आम्ही कोणालाही विकत नाही. सोललेलं पेरलं तर ते कुजेल, उगवणार नाही.

बाटली 200 मिलिलीटरचीच मिळेल. लिटरची मागणी होते, पण चौघांच्या घरात ती संपेपर्यंत निम्मं तेल खवट होतं आणि मग ती आमच्याच दारात येते. घेताना झाकणावरची गाळपाची तारीख बघा. सीलबंद बाटली मुदतीच्या आत वास मारत असेल तर बिलासह आणा, लगेच बदलून देऊ. कढईत गेलेलं तेल बदलून मिळणार नाही.